चाळीस घरांचं शिसं

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय भूपेंद्रभाऊसाहेब, प्राचार्य महोदय, समोरच्या रांगेत बसलेले दहा गावांचे सन्माननीय सरपंच, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती पितांबरभाऊ बैसाणे, आणि त्यांच्या शेजारी नवीन लुगड्याची घडी मांडीवर ठेवून बसलेल्या त्यांच्या पत्नी द्रौपदा अक्का,

आपणां सर्वांना माझा नमस्कार, आणि जय भीम.

मला सूत्रसंचालकांनी सात मिनिटं दिली आहेत. मी जरा जास्त घेईन. खाली मंडपात वरण-बट्टी तयार आहे, वास इथपर्यंत येतो आहे, याची मला कल्पना आहे. सकाळी मी पितांबरभाऊंना विचारलं, "भाऊ, आज मला एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या घरची आहे. सांगू का?" तेव्हा ते म्हणाले, "सांगा मॅडम. पन जेवन थंडं व्हवाना पहिले आटपा." म्हणजे परवानगी आहे, आणि अटही आहे.

मघाशी सत्कार झाला. अध्यक्षांनी भाऊंना शाल दिली, टोपी घातली. मग अक्कांच्या ओंजळीत लुगडं आणि नारळ ठेवला. नारळ अक्कांच्या हातून सुटला, व्यासपीठावरून गडगडत खाली दुसऱ्या रांगेपर्यंत गेला. आपण सगळे हसलो. कोणीतरी म्हणालं, "अक्का, एवढ्यात फोडताय का?" अक्काही हसल्या. मीही हसले. सगळे हसत असताना एकटीने न हसणं वाईट दिसतं, म्हणून हसले. आणि हसल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता हे सांगितल्याशिवाय मला खाली उतरता येणार नाही.

तो नारळ अक्कांच्या हातून का सुटला, एवढंच मी आज सांगणार आहे. बाकीचं निरोपाचं बोलणं त्यातच येईल.

मी या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला आले त्याला आता एकोणीस वर्षं होतील. माझं माहेर रावेरकडचं, केळीतलं. घरात केळीच्या सालींचे, खांबांचे ढीग पाहत मोठी झाले. जळगावला शिकताना माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं, की अशा सालींना, टरफलांना पाण्यातला जड धातू धरून ठेवता येतो. शिसं, कॅडमियम, क्रोमियम. महागडी यंत्रं नकोत, वीज नको. शेतातला कचरा घ्यायचा, स्वच्छ धुवायचा, हलक्या आम्लात भिजवायचा, पुन्हा धुऊन वाळवायचा आणि त्यातून पाणी जाऊ द्यायचं. धातू टरफलाला चिकटतो, पाणी पुढे जातं. मला ते फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं. ज्याला कोणी विचारत नाही त्या टरफलाने विष अडवावं, यात एक न्याय आहे असं मी वर्गात सांगत असे.

इथे केळीच्या साली मिळणं अवघड, म्हणून आम्ही भुईमुगाच्या शेंगांची टरफलं घेतली. ती दोंडाईचाच्या एका तेलघाणीतून यायची. कोण आणायचं? पितांबरभाऊ. धुवायचं कोण? पितांबरभाऊ. गच्चीवर वाळत घालून कबुतरं हाकायचं कोण, ते मी सांगत नाही. मुलं त्यांना "सर" म्हणायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "मी सर नाही, मी शिपाई आहे. सर आत झोपलेत." प्राचार्य महोदय, हे मी जुन्या काळातलं सांगते आहे.

मग कोरोनानंतरच्या वर्षी भाऊंनी त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं. गाव पिंपळटेक, शिंदखेड्यापासून अकरा किलोमीटर. गावाच्या वरच्या अंगाला कोणी एक माणूस जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. तीन वर्षं भट्टी चालली, नंतर तो रातोरात निघून गेला. माती तिथेच राहिली. पावसाचं पाणी त्या मातीवरून उतरून खालच्या अंगाला येतं आणि खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते, हे या सभागृहात मी कोणाला सांगायला नको. बौद्धवस्तीची चाळीस घरं आणि त्यांची एक विहीर. पाण्यासाठी या माणसांच्या आज्या-पणज्यांनी काय सोसलं ते आपण जाणतो. आता विहीर त्यांची स्वतःची होती, आणि तिच्या पाण्यात शिसं होतं. पिण्याला चालेल त्याच्या वीसपट.

आम्ही विहिरीच्या ओट्यावर निळे ड्रम बसवले. खाली खडी, वर वाळू, मध्ये टरफलाच्या पोतड्या. पाणी तपासलं. शंभरातले शहाण्णव भाग शिसं निघून गेलं होतं. त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले गेले. फोटो निघाले, आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर त्यातला एक अजून आहे. त्यात अक्का ड्रमच्या नळाला हात लावून उभ्या आहेत. बघा जाताना. हात कसा सरळ आहे ते बघा.

पोतड्या दर महिन्याला बदलाव्या लागत. ते काम अक्कांनी घेतलं. कारण घर विहिरीजवळ, आणि नवरा कॉलेजात. पहिल्याच दिवशी सगळं समजावून झाल्यावर भाऊंनी मला एक प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "मॅडम, पानीमधलं शिसं टरफलमा गयं, हाई समजनं. मंग टरफल कोठे जातीन?"

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा दोन तास चालली होती. बाहेरून दोन मोठे प्राध्यापक आले होते. हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. प्रबंधात शेवटच्या पानावर माझं एक वाक्य होतं, की वापरलेल्या टरफलाची योग्य ती विल्हेवाट लावावी. मी भाऊंना म्हटलं, "पोत्यात भरून कॉलेजला आणत जा. पुढचं नंतर बघू."

ते आणत गेले. मोटारसायकलच्या मागे बांधून, दर महिन्याला एक पोतं. प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात सहा पोती झाली. मग उंदीर झाले. कार्यालयातून चिठ्ठी आली. त्यातच मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि आपण सगळे भिंती रंगवायला लागलो. आठवतंय ना? कुंड्या आणल्या, फलक लावले. तेव्हा मी भाऊंना म्हणाले, "समिती येऊन जाईपर्यंत ही पोती तुमच्या घरी नेऊन ठेवा, नवीनही तिथेच राहू द्या. नंतर आणा."

समिती आली, खूश होऊन गेली. आपल्याला चांगली श्रेणी मिळाली. या हॉलमध्येच जेवण झालं होतं. आणि पोती परत आणा, असं मी भाऊंना म्हणालेच नाही. विसरले, असं म्हणणं सोपं आहे. पण व्हरांडा रिकामा दिसत होता आणि मला तो तसा बरा वाटत होता. त्याला विसरणं म्हणत नाहीत.

आता पोती अक्कांच्या ओसरीवर. कोरडी, खडखडीत टरफलं. अक्कांकडे गॅस आहे, पण तो चहाला. भाकरी चुलीवरच. त्या आयुष्यभर तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या गोळा करत आल्या. बळतण, म्हणजे सरपण, वाया घालवणारी बाई आमच्या खानदेशात सापडायची नाही. त्यांनी ती टरफलं जाळली. दर महिन्याला एक पोतं, जवळजवळ दोन वर्षं.

मी त्यांना सांगितलं नव्हतं का? पोतं परत द्यायचं एवढं सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. मला भीती होती, की त्यात विष आहे असं म्हटलं तर बायका ड्रमचं पाणीच पिणार नाहीत. म्हणून वस्तीच्या बैठकीत मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "घाबरू नका. यात काही औषध नाही, रसायन नाही. नुसतं शेंगांचं टरफल आहे."

सरपंच महोदय, पाण्यातलं शिसं टरफलात आलं. टरफल जळालं, पण शिसं जळत नाही. थोडं धुरावाटे गेलं, बरंचसं राखेत राहिलं. पोतंभर टरफलाची राख किती होते? दोन-तीन ओंजळी. एका महिन्यात चाळीस घरांच्या पाण्यातून जेवढं शिसं निघालं, ते त्या दोन-तीन ओंजळींत गोळा झालं. चाळीस घरांचं शिसं एका चुलीत.

आणि राख तरी आपण फेकतो का? अक्का त्या राखेने भांडी घासत होत्या. मुगाला किडा लागू नये म्हणून मूग त्या राखेत घोळवून माठात भरत होत्या. आणि रोज सकाळी तीच राख चिमूटभर बोटावर घेऊन दात घासत होत्या. दोन वर्षं.

आधी पोट दुखायला लागलं. मग चेहरा पांढुरका झाला, जिना चढताना दम लागायचा. शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. मग एक दिवस तव्यावरची भाकर उलटताना उजवं मनगट खाली लोंबलं आणि भाकर चुलीत पडली. हात दुखत नव्हता. नुसता वर येत नव्हता. नंतर डावा. कोणी अंगावरून वारं गेलं म्हणालं, कोणी मानेचं दुखणं म्हणालं. तेल चोळणाऱ्याकडे पाच वाऱ्या झाल्या. पाण्याचा तांब्या पडायचा, कप पडायचा. अक्का मला नंतर हसत म्हणाल्या होत्या, "लोकेस्ले वाटस, म्हतारी पेवाले लागनी." लोकांना वाटतं, म्हातारी दारू प्यायला लागली.

आपल्या प्रयोगशाळेत दाराशेजारी एक तक्ता आहे. विषारी धातू आणि त्यांचे परिणाम. काचेच्या चौकटीत आहे. तो मी वीस वेळा विद्यार्थ्यांना दाखवला असेल, पण नीट वाचला असेल की नाही, शंका आहे. पितांबरभाऊ दर शनिवारी त्याची काच पुसत. दहावी झालेला माणूस. चौतीस वर्षं पुसता पुसता वाचत आला. शिशासमोर लिहिलंय: पोटदुखी, पांढुरकेपणा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट गळणे. एका शनिवारी ते काच पुसता पुसता थांबले. घरी जाऊन त्यांनी अक्कांचा ओठ बाजूला केला आणि हिरड्या पाहिल्या.

मग त्यांनी काय करायला हवं होतं? माझ्याकडे येऊन ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. मला वाटतं, त्यांना आधी खात्री करायची होती. कोणावर आळ घ्यायचा नव्हता. त्यांनी राख एका बाटलीत घातली, विद्यार्थ्यांच्या नमुन्यांच्या स्टँडमध्ये ठेवली आणि चिकटपट्टीवर नुसतं "सात" लिहिलं.

मी तपासणीला बसले. पहिले सहा ठीक. सातव्याचा आकडा आला तो मला खरा वाटेना. मी चिडले. म्हणाले, "भाऊ, हा कोणत्या पोराचा नमुना आहे? ह्याने काहीतरी घोळ केलाय. एवढं शिसं राखेत कुठून येणार? पुन्हा पातळ करा."

भाऊंनी पुन्हा करून दिलं. आकडा तोच आला. मी तिसऱ्यांदा करायला सांगितलं तेव्हा ते टेबलाला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर शे मॅडम. ती मन्हा घरनी राख शे."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. यंत्राकडेच पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी अक्कांना धुळ्याला नेलं. रक्त मुंबईला तपासायला गेलं. शिसं बाहेर काढणारी औषधं सुरू झाली, महिनोन्‌महिने चालली. भाऊंच्या रक्तातही शिसं निघालं, पण कमी, कारण ते दात निंबाच्या काडीने घासत आणि दिवस कॉलेजात जायचा. मुलगा-सून सुरतला असतात. त्या दोन वर्षांत नातवंडं सुट्टीला फक्त आठ दिवस आली होती. एवढ्या सगळ्यात तेवढंच एक बरं झालं.

दवाखान्यात मी अक्कांच्या कॉटवर बसले. म्हटलं, "अक्का, ती पोती जाळायची नव्हती हो." त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "इतलं चांगलं बळतन. फेकी देवानं का?" म्हणाल्या. मग अगदी समजुतीच्या सुरात, "तूच सांगेल व्हतं ना माय, नुसतं शेंगास्नं टरफल शे म्हनीसन."

त्यात टोमणा नव्हता. त्या मला आठवण करून देत होत्या. त्यांना वाटलं, मी विसरले असेन.

आता थोडं या वर्षीचं सांगते. आम्ही ड्रम बंद केले. पाच महिने वस्ती पुन्हा विहिरीचं पाणी प्यायली, टँकर येईल त्या दिवशी टँकरचं. मग वस्तीतल्याच बायका आल्या. "चालू करा, पोत्यांचं आम्ही बघतो," म्हणाल्या. ड्रम पुन्हा चालू झाले. आता प्रत्येक पोतं मोजून, शिवून, नंबर टाकून इथे येतं. प्रयोगशाळेच्या मागे सिमेंटची एक बंद खोली आहे. तिथे आज सात पोती आहेत. ती खोली पितांबरभाऊ उघडतात, भाऊच बंद करतात. ती पोती पुढे कुठे जाणार, हे मला आजही माहीत नाही. घातक कचरा नेणाऱ्यांशी पत्रव्यवहार चालू आहे. एवढ्या थोड्या मालासाठी गाडी येत नाही, असं उत्तर आलं आहे.

आज सकाळी भाऊंनी त्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. सुतळीत ओवलेली आहे. ती ही.

मी या सगळ्याबद्दल अहवाल लिहिला होता. अध्यक्षसाहेब, तो आपल्याकडे आहे. त्यात एक ओळ आहे: "वापरोत्तर टरफलांच्या हाताळणीत काही त्रुटी आढळल्या." ती माझी ओळ. त्या अहवालावर मला गेल्या वर्षी पारितोषिक मिळालं, याच हॉलमध्ये माझा सत्कार झाला. भाऊंनी खुर्च्या लावल्या होत्या. अक्का तेव्हा धुळ्याला बोटांचे व्यायाम शिकत होत्या. "काही त्रुटी" म्हणजे अक्कांचे दोन हात, हे मी कोणाला सांगितलं नाही. भाऊंनीही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही का गप्प बसलात?" ते म्हणाले, "ड्रम बंद पडतील मॅडम. पाणी तर चांगलं येतंय ना."

पाणी चांगलं येतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. टरफल खोटं नाही.

निमंत्रणपत्रिकेत शेवटी छापलंय, की निरोप समारंभानंतर दहा गावांत ड्रम बसवण्याच्या करारावर सह्या होतील. सरपंच मंडळी त्यासाठीच लांबून आली आहेत. प्रकल्पप्रमुख म्हणून माझी सही लागणार आहे. मी तो करार तीनदा वाचला. ड्रम कोण देणार, वाळू कोण देणार, उद्‌घाटनाला कोणाला बोलवायचं, सगळं त्यात आहे. पोत्यांबद्दल एक अक्षर नाही. दहा गावं, महिन्याला दहा पोती, वर्षाची एकशे वीस. आणि प्रत्येक गावात ड्रमजवळच्या घरात एक बाई असणार, जिला बळतण वाया घालवता येत नाही.

अध्यक्षसाहेब, आपण मोठ्या मनाचे आहात आणि मी आपला कार्यक्रम बिघडवते आहे, हे मला दिसतंय. पण आज मी सही करणार नाही. पोती कोण उचलणार, कुठे नेणार, त्या माणसाचं नाव आणि त्या जागेचा पत्ता करारात येईल त्या दिवशी मी स्वतः पेन घेऊन येईन. सरपंच महोदय, तुम्हीही तोवर करू नका. घरी गेल्यावर आधी एक प्रश्न विचारा, जो पितांबरभाऊंनी मला पहिल्या दिवशी विचारला होता. मी त्याचं उत्तर द्यायला तीन वर्षं लावली आणि अजून दिलेलं नाही.

भाऊ, निरोपाच्या भाषणात निवृत्तांना सांगायची पद्धत असते, की आता आराम करा. मला तसं म्हणता येत नाही. तुम्ही घरी जाऊन भाकरी थापणार आहात. गेलं वर्षभर सकाळी त्या थापूनच तुम्ही कामावर येत होतात, आणि डब्यातल्या वाकड्या भाकरीवरून मुलं तुम्हाला चिडवायची. तुम्ही म्हणायचात, "नकाशा आहे, खा, महाराष्ट्राचा."

या समारंभाचे आयोजक, अध्यक्ष, पाहुणे, आणि पोट रिकामं ठेवून इतका वेळ ऐकणारे तुम्ही सगळे, तुमचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर सभेने उदार मनाने सांभाळून घ्यावं. बाकीच्या चुकीची माफी सभेकडे मागायची नाही. ती मी अक्कांकडे मागते. त्यांनी दिलीच पाहिजे असं नाही.

दुसऱ्या रांगेत गेलेला नारळ मी उचलून आणलाय. अक्का, तो मी संध्याकाळी घरी आणून देईन.

आणि एकच विनंती. मी खाली उतरताना टाळ्या वाजवू नका. अक्कांना वाजवता येत नाहीत.